गेल्या वर्षीची भैरवी

'सांगता' हा शब्द हल्ली 'शेवट' या अर्थाने वापरतात. तो वापर ढिला आहे. जे कार्य आपल्या सर्व अंगांसह पुरे झाले ते सांग, आणि त्याचे तसे पुरे होणे ही सांगता. उधळलेल्या सभेचा शेवट होतो, सांगता होत नाही. माळकोंड या गावी हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण तेथील संगीत महोत्सवाची भैरवीने सांगता झाली, की पुढचे अकरा दिवस गावात सूर लागत नाही.

लागत नाही म्हणजे मुळीच लागत नाही. तंबोऱ्याची तार छेडली तर ती थरथरताना दिसते, ऐकू येत नाही. पेटीचा भाता नुसता श्वास घेतो आणि सोडतो. कुकर वाफ सोडतो, शिटी देत नाही. तेव्हा घरोघरी शिट्यांऐवजी वाफा मोजतात. बोलणे चालू राहते, कारण बोलणे म्हणजे सूर नव्हे. मात्र बोलण्यातला हेल जातो, आणि तान्ही मुले सरळ रेषेत रडतात. गावाने हे सुतकासारखे अंगवळणी पाडून घेतले आहे. त्या अकरा दिवसांत माळकोंडात लग्न धरत नाहीत, शाळेत प्रार्थना गद्यात म्हणतात, बाळांना नुसते थोपटून झोपवतात. सूर लागतो का, हे कोणी करून पाहत नाही. भैरवी झाली असे कळले, की गाव गप्प होते.

भैरवी मात्र महोत्सवाच्या मंडपातली हवी. एरवी कोणाच्या घरी ती गायली गेली किंवा रेडिओवर लागली, तर काही होत नाही. हे मोरेश्वर उपळेकर यांच्या दृष्टीने सोयीचे होते, कारण ते रेडिओ चालवत.

उपळेकरांचे 'ओसरी' हे इंटरनेटवरचे स्वतंत्र रेडिओ केंद्र माळकोंडात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या माडीत होते. त्यांनी चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की कागदावर असतात तितक्याच चुका हवेतही असतात. ओसरीवर सकाळी त्या त्या प्रहराचे राग लागत, दुपारी अडगळीतून मिळवलेल्या जुन्या तबकड्या वाजत, आणि संध्याकाळी नव्या गायकांना अर्धा तास मिळे. श्रोते चारशेच्या आसपास होते. त्यांतले काही इंदूरला, काही शारजाला, आणि एक गृहस्थ खालच्या छत्रीच्या दुकानातच होते.

परंतु सर्वांत अधिक ऐकला जाणारा कार्यक्रम संगीताचा नव्हताच. दर शुक्रवारी उपळेकर 'शुद्धिपत्र' सादर करत. ठिकठिकाणच्या संगीत महोत्सवांची वर्तमानपत्रांत जी वृत्ते येत, त्यांतल्या चुका ते शांत आवाजात वाचून दाखवत. "एका दैनिकाने मारव्यात पंचम लावला आहे. दुसऱ्या दैनिकाने गायिकेकडून आधी द्रुत आणि मग विलंबित गाऊन घेतले आहे. श्रोत्यांनी आपापल्या प्रतींत दुरुस्ती करून घ्यावी." ओसरीच्या स्वतःच्या वृत्तात चूक निघाल्याचे एकही उदाहरण नव्हते. माळकोंडात एखाद्या गोष्टीबद्दल वाद झाला, तर 'ओसरीने सांगितलंय का?' असे विचारून तो मिटवत.

ओसरीची यंत्रे तनुजा बारटक्के सांभाळी. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवी. उपळेकरांना ती सर म्हणे, पण त्यांच्या धाकात नसे.

बत्तिसाव्या महोत्सवाच्या पहिल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तनुजा हायस्कूलच्या मैदानावरील मंडपात ध्वनिक्षेपक तपासत होती. चौदा ध्वनिक्षेपक होते. प्रत्येकाखाली उभे राहून आवाज ऐकायचा, तर अर्धा तास लागतो. तेवढा वेळ न थांबता चालेल असे काही तिने यंत्रात शोधले, तेव्हा एकतीस मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण मिळाले. नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने ते लावले आणि ती चालू लागली. कार्यकारिणीचे नऊ सदस्य त्या वेळी मंडपामागे उप्पीट खात होते. नऊही जण मुरलेले श्रोते; परंतु तपासणीचे गाणे ऐकायचे नसते, असा संकेत आहे. त्यांतल्या एकाने "कोण हो ही बाई, बरी गातेय की," एवढे म्हणून आणखी शेव मागितली.

उपळेकर तेथून वीस पावलांवर, प्रक्षेपणासाठी मिळालेल्या विज्ञान प्रयोगशाळेत, महोत्सवाचे वृत्त लिहीत बसले होते. वृत्त आधी लिहून ठेवायचे ही त्यांची पद्धत होती. नावे कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असतात. 'रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली' हे वाक्य दरवर्षी लागते. आणि अखेरचे वाक्य तर सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे. ते त्यांनी नुकतेच लिहून संपवले होते: 'भैरवीने महोत्सवाची सांगता झाली.'

नऊ एक्कावन्नला ध्वनिमुद्रण संपले. नऊ बावन्नला, उद्घाटनासाठी आलेल्या वादकाने सनई ओठांना लावली. आतून वारा आला.

मंडपात गडबड झाली नाही. पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "झाला वाटतं यंदाचा," आणि उठून चपला शोधू लागले.

कार्यकारिणीची तातडीची सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत भरली. अध्यक्षस्थानी अप्पासाहेब मगदूम होते. त्यांचे अध्यक्षपदाचे हे पहिलेच वर्ष, आणि त्यांनी फेटा बांधलेला होता. त्यांच्या डावीकडे गेल्या वर्षीपर्यंतचे अध्यक्ष रावसाहेब शिंत्रे बसले होते. ते कमी बोलत आणि महोत्सवाच्या घटनेची प्रत जवळ ठेवत.

"कुणी गायली म्हणायची ही?" मगदूमांनी विचारले.

"कमलाक्षीबाई वाळवेकर," तनुजा म्हणाली. "म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग होतं. मी स्पीकर बघत होते."

"आणि तुला भैरवीच घावली होय गं?"

"एकतीस मिनिटांची तेवढीच होती, अप्पा."

"मग लहान काहीतरी दोनदा लावायचं."

"मध्ये उठून परत यावं लागतं. तोवर मी नवव्या स्पीकरला असते."

हे उत्तर तर्काला धरून होते. ते इतिवृत्तात घेण्यात आले.

"ध्वनिमुद्रण धरायचं का, हा प्रश्न आहे," शिंत्रे म्हणाले.

"धरायचं का म्हणून काय विचारता, रावसाहेब? सनई वाजते का बघा की."

सनई आणवून पाहण्यात आली. ध्वनिमुद्रण धरावे, असे ठरले. मग महोत्सव अकरा दिवसांनी घ्यावा का, याचा विचार झाला. परंतु तेव्हा मैदानावर शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तो ओढ्यापलीकडच्या गावी न्यावा का, याचाही विचार झाला. पलीकडच्या गावाने निरोप पाठवला की मैदान आहे, पण त्यात बैल आहेत. तेव्हा असा ठराव झाला की बत्तिसावा महोत्सव शनिवारी सकाळी नऊ एक्कावन्न वाजता, म्हणजे उद्घाटनाच्या नऊ मिनिटे आधी, यशस्वीरीत्या पार पडला. सर्व कलावंतांना आभारपत्रे द्यावीत.

"उपळेकर, तुमचं वृत्त तयारच असणार," मगदूम म्हणाले.

"तयार आहे. थोडा भाग गाळावा लागेल."

"केवढा?"

"पहिल्या वाक्यापासून शेवटून दुसऱ्या वाक्यापर्यंत."

उपळेकरांच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होते. त्यांनी आगाऊ लिहिलेले अखेरचे वाक्य अक्षरशः खरे ठरले होते, आणि त्याआधीचे सगळे खोटे.

सव्वादहाला कमलाक्षीबाई एसटीने आल्या. वय शहात्तर, काठाचे सुती पातळ, हातात गवसणीत घातलेला तंबोरा. त्यांचे गाणे रविवारी संध्याकाळी, सर्वांत शेवटी होते; परंतु इतरांचे ऐकावे म्हणून त्या एक दिवस आधी आल्या होत्या. मगदूमांनी त्यांना मंडपाच्या दारातच गाठून आभारपत्र दिले. बाईंनी चष्मा लावून ते वाचले.

"यात लिहिलंय, माझं गाणं झालं."

"झालं, बाई. फार सुरेख झालं."

"कधी?"

"नऊ वीस ते नऊ एक्कावन्न."

"मी तेव्हा एसटीत होते. वडगावच्या फाट्याला पंक्चर काढणं चाललं होतं."

"ते आम्हाला मान्य आहे. पण मंडपाला मान्य नाही." मगदूम नम्रपणे म्हणाले, आणि खात्रीसाठी त्यांनी सनईवाल्याला फुंकर मारायला सांगितली.

बाईंनी ती फुंकर ऐकली. पत्राची घडी घातली आणि ते पिशवीत ठेवले. "गेल्या वर्षी वेळ संपली म्हणालात," त्या म्हणाल्या. "यंदा गाणंच संपलं. मला जरा सावलीत बसू द्या. परतीची गाडी पावणेदोनला आहे."

सावली विज्ञान प्रयोगशाळेत होती. तनुजाने त्यांना तेथे नेऊन स्टुलावर बसवले. बाईंनी तंबोऱ्याची गवसणी काढली, तो मांडीशी घेतला आणि सवयीने तारांवरून बोटे फिरवू लागल्या. ऐकू काही येत नव्हते. उपळेकर पलीकडे वृत्तातला मधला भाग गाळत होते.

"हीच ना ती खोली?" बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी इथंच गायले मी. समोर बरणीत हाच बेडूक होता. शेवटपर्यंत हलला नाही. आजकाल इतका चांगला श्रोता मिळत नाही."

उपळेकरांचा हात थांबला.

गेल्या वर्षी काय झाले होते ते येथे सांगणे भाग आहे. बाईंच्या आधी एक सतारिये होते. त्यांना सव्वा तास दिला होता. ते तीन तास वाजवत राहिले. सहाला मैदान सोडायचे होते. पावणेसहाला बाई बैठकीपाशी आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की पाच मिनिटांत भैरवी उरका. बाई म्हणाल्या की पाच मिनिटांत चहा होतो, आणि त्या बैठकीवर न बसताच मागे फिरल्या. लोक उठले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. बाईंनी प्रयोगशाळेत येऊन, दार लोटून, गायची होती ती भैरवी एकतीस मिनिटे गायली. तनुजा तेथे तारा गुंडाळत होती. तिचे यंत्र चालू होते, ते तिने बंद केले नाही.

उपळेकर त्या वेळी माडीवर होते. सर्वांच्या आधी वृत्त देण्याचा ओसरीचा परिपाठ होता, म्हणून ते साडेपाचलाच मंडपातून निघाले होते. सहाच्या ठोक्याला त्यांनी ते वृत्त दिले: 'कमलाक्षीबाई वाळवेकर यांच्या आर्त भैरवीने महोत्सवाची सांगता झाली.' शेवटी उरलेल्या चार जणांना वाटले, आपण उठल्यावर झाली असेल. गाव गप्प झाले. कुकर वाजले, तेव्हा ज्याने त्याने आपलाच तेवढा बिघडला असे धरले. अकरा दिवस कोणी शीळही घातली नाही.

एकाने घातली. चौथ्या दिवशी केशकर्तनालयातल्या श्रीपतीने, गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा चालवताना, चुकून शीळ घातली आणि ती त्याला ऐकू आली. तो घाबरून उपळेकरांकडे गेला. उपळेकरांनी तोवर तनुजाचे ध्वनिमुद्रण ऐकले होते. मंडपात भैरवी झालीच नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. ते श्रीपतीला म्हणाले, "भास असेल." एका ओळीसाठी शुद्धिपत्र काढायचे का, असा विचार त्यांनी केला होता. इतरांच्या एका वेलांटीसाठी आपण ते काढतो, हे त्यांना आठवले नव्हते असे नाही.

"सर," तनुजा म्हणाली, "ती फाइल गेल्या वर्षीची आहे."

"ठाऊक आहे."

"गेल्या वर्षी मंडपात भैरवी झाली नव्हती."

"तेही ठाऊक आहे."

"मग हा यंदाचा महोत्सव संपलेलाच नाही."

बाई तारांवरची बोटे न थांबवता म्हणाल्या, "बाळ, मला समजेल असं सांग. मी सातवीपर्यंत शिकलेय, आणि त्यात गणित नव्हतं."

तनुजाने फळ्याजवळ जाऊन खडू घेतला, पण लिहिले काही नाही. "गेल्या वर्षीच्या महोत्सवाला भैरवी मिळाली नाही. म्हणजे तो पुरा झाला नाही. वर्षभर चालूच होता. आज सकाळी तुमची गेल्या वर्षीची भैरवी मंडपात लागली. तेव्हा आज जो संपला तो गेल्या वर्षीचा. यंदाचा सुरू व्हायचाय."

"आणि सुराचं काय?"

"अकरा दिवस पाळायचे असतात. ते गावानं पाळले की, गेल्या वर्षीच. आगाऊ."

"मग अडलंय कुठं?"

तनुजाने खडू खाली ठेवला आणि ती उपळेकरांकडे पाहू लागली.

"कागदोपत्री गेल्या वर्षीची भैरवी झालेली आहे," उपळेकर म्हणाले. "ओसरीने तसे सांगितलेले आहे."

"तुम्ही सांगितलंत होय," बाई म्हणाल्या. "मला भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. 'आर्त' लिहिलं होतंत. मी म्हटलं, मी काही इतकी आर्त गात नाही बाई. पण मग वाटलं, दाराबाहेर उभं राहून कुणीतरी ऐकलं असेल. बरं वाटलं हो. वर्षभर ते मनात धरून होते."

उपळेकरांनी चौतीस वर्षांत लाखो चुका काढल्या होत्या. त्यांतली एकही अशी समोर स्टुलावर बसलेली नव्हती.

"मी ऐकले नव्हते," ते म्हणाले. "मी माडीवर होतो."

"मग ते आर्त कुठून आलं?"

"भैरवीपुढे तो शब्द असतो."

बाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर उपळेकरांना सोयीचे झाले असते. पण त्या नुसत्या तंबोऱ्यावर बोटे फिरवत राहिल्या, आणि चारी तारा निमूटपणे हलत राहिल्या.

उपळेकरांनी प्रक्षेपणाचे यंत्र चालू केले. बोलण्याला बाधा नव्हती. मंडपातले चौदाही ध्वनिक्षेपक जोडलेले होते. तेवढ्यात मगदूम आत आले. मागोमाग घटनेची प्रत घेऊन शिंत्रे आले. मुख्याध्यापकांची खोली भिंतीपलीकडेच होती आणि भिंत पातळ होती.

"उपळेकर, थांबा जरा," मगदूम म्हणाले. "कोण विचारायला आलंय तुम्हाला? आभारपत्रं गेली. मंडप सुटायला लागला. पुढच्या वर्षी बाईंना पहिलं बसवू. आणि शुक्रवारी तुमचं ते शुद्धिपत्र ऐकायला बसणार कोण, हे कळल्यावर?"

"चारशे बारा लोक आहेत. त्यांतले निम्मे जातील, असा अंदाज आहे."

"मग?"

"निम्मे राहतील."

"याच्यात आणखी एक मुद्दा आहे," शिंत्रे पान उलटत म्हणाले. "कलम सहा. नवा अध्यक्ष मागील महोत्सवाच्या सांगतेनंतर पदभार घेईल. मागील महोत्सव आज सकाळी संपला असेल, तर अप्पासाहेबांनी अजून पदभार घेतलेला नाही."

मगदूमांचा हात फेट्याकडे गेला. "म्हणजे वर्षभर मी कोण होतो?"

शिंत्र्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "श्रोते."

"आणि तुम्ही?"

"मी अध्यक्ष. मलाही आत्ताच कळतंय."

उपळेकरांनी या वादात भाग घेतला नाही. त्यांनी ध्वनिग्राहक जवळ ओढला, आणि दर शुक्रवारच्या त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली, मात्र समोर कागद नव्हता.

"शुद्धिपत्र. ओसरीच्या गेल्या वर्षीच्या वृत्तात, शेवटच्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत, भैरवीने महोत्सवाची सांगता झाली असे म्हटले होते. ते चूक आहे. मंडपात भैरवी झाली नव्हती. कमलाक्षीबाई वाळवेकर यांना तिच्यासाठी पाच मिनिटे देण्यात आली होती, हे सांगायचे राहिले. 'आर्त' हे विशेषण गाणे न ऐकता लावले होते. वृत्तलेखक त्या वेळी जागेवर नव्हता. चौथ्या दिवशी श्रीपती यांनी घातलेली शीळ खरी होती. त्यांना दिलेले उत्तर चूक होते. वृत्तातली चूक वृत्तलेखकास त्याआधीच समजली होती. विलंबाचे कारण त्याच्याजवळ नाही. श्रोत्यांनी आपापल्या प्रतींत दुरुस्ती करून घ्यावी."

मंडपाचे दोर सोडणारी माणसे थांबली. मैदानापलीकडे केशकर्तनालयाच्या दारात श्रीपती येऊन उभा राहिला. त्याच्या मागे, गळ्यात पांढरा कपडा आणि एकाच गालाला साबण, अशा स्थितीत गिऱ्हाईक उभे राहिले.

सूर मात्र आला नाही. सनईवाल्याने तीनदा फुंकून पाहिले.

"नुसत्या दुरुस्तीनं येणार नाही," शिंत्रे म्हणाले. "ठराव हवा." आणि गेल्या वर्षीच्या महोत्सवाचे विद्यमान अध्यक्ष या नात्याने त्यांनी तो तेथेच मांडला: एकतिसाव्या महोत्सवाच्या समाप्तीची वेळ आज सकाळी नऊ एक्कावन्न अशी नोंदवावी, आणि गावाने पूर्वीच पाळलेले अकरा दिवस तिच्या खाती धरावेत. अनुमोदन कोणी देत नव्हते. शेव मागणारे सदस्य दारात येऊन उभे होते. ते मगदूमांच्या तोंडाकडे पाहत होते.

"अप्पासाहेब," शिंत्रे हळूच म्हणाले, "हे मंजूर झालं की लगेच सर्वसाधारण सभा. पदभार तुमच्याकडेच यायचाय."

"आजच?"

"पाच मिनिटांत."

"अनुमोदन," मगदूम म्हणाले.

त्या वेळी बाईंचे बोट जोडाच्या तारेवर होते. तार छेडली गेली तेव्हा ती मुकी होती. तीच तार अर्ध्या कंपात असताना ऐकू येऊ लागली. मग दुसरी आली, मग खर्ज आला, आणि काचेच्या बरण्या असलेली ती लहानशी खोली षड्जाने भरली.  बाईंनी पंचमाची तार किंचित उतरली आहे असे म्हणून मणी सरकवला.

अकरा चाळीसला उद्घाटन झाले. शुद्धिपत्र ऐकून दोनशे तीन श्रोते ओसरी सोडून गेले. शारजाच्या एका श्रोत्याने लिहिले की इतक्या वर्षांत प्रथमच एका वृत्तातली नेमकी कोणती ओळ खोटी ते कळले, तेव्हा बाकीच्या ओळी खऱ्या असाव्यात असे वाटू लागले आहे. उपळेकरांनी उत्तर पाठवले की तसे वाटून घेऊ नये. बाकीच्या ओळी तपासायच्या आहेत.

शनिवारचे गाणे झाले. रविवारचे झाले. त्या दिवशी कोणीही दिल्या वेळेपेक्षा अधिक वाजवले नाही, कारण तनुजा पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसली होती आणि गावातली निम्मी मुले तिच्याकडे गणिताला होती. संध्याकाळी पाचला बैठकीवर नवी चादर घातली गेली. मगदूम, आता रीतसर अध्यक्ष, स्वतः प्रयोगशाळेत बोलवायला आले.

"बाई, चला. बैठक तयार आहे."

"मुदत किती?"

"मुदत नाही. लेखी आणलंय की. हे बघा, सही, शिक्का. वेळेचं कोणतंही बंधन नाही."

बाईंनी चष्मा लावून पत्र वाचले. मग उपळेकरांकडे दिले. "तुम्ही बघा हो. चूक आहे का काही?"

उपळेकरांनी दोनदा वाचले. "'बंधन'मधला अनुस्वार पुसट आहे. बाकी शुद्ध आहे."

"मग आज नको," बाई म्हणाल्या.

"आज नको म्हणजे? लोक बसलेत, बाई."

"बसू द्या की. त्या सनईवाल्याला सांगा काहीतरी वाजवायला, काल सकाळभर नुसता फुंकत होता बिचारा. मी गेल्या वर्षीची भैरवी कालच संपवलीय. लगेच दुसरी कशी गाऊ?"

"मग उद्या?"

"मुदत नाही म्हणालात ना?"

मगदूमांनी शिंत्र्यांकडे पाहिले. शिंत्र्यांनी घटना चाळली. भैरवी केव्हा गावी, याविषयी तीत काही नव्हते. सनईवाल्याला बोलावण्यात आले.

सोमवारी इंदूरहून एक सरोदिये आले, कारण महोत्सव चालू आहे असे त्यांनी ओसरीवर ऐकले होते. ठरल्या दिवशी शिष्यवृत्तीची परीक्षा त्याच मंडपात घेण्यात आली; सरोदियांनी तीन तास विलंबितच वाजवले, आणि त्या वर्षीचा निकाल चांगला लागला. बाईंनी हायस्कूलमागे एक खोली घेतली. सकाळी त्या चार मुलींना शिकवतात, दुपारी मंडपात येऊन इतरांचे ऐकतात. मगदूम रोज पाचला येऊन विचारतात. बाई म्हणतात, बघू.

ही गोष्ट सांगणारे ती बहुधा अशी संपवतात, की रविवारी संध्याकाळी कमलाक्षीबाईंनी दोन तास भैरवी गायली, उपळेकर पहिल्या रांगेत बसून रडले, आणि मंडप उठला. ते चूक आहे. मंडप उठलेला नाही आणि भैरवी झालेली नाही. आज दुपारी चारला व्हायोलिन आहे. उपळेकर साडेतीनपासून जागेवर आहेत, आणि त्यांच्या पुढ्यातला कागद अजून कोरा आहे.